हक्काची लाइन

शिवकन्यानं सर्व्हरच्या खोलीचं दार खांद्यानं ढकललं, कारण तिच्या दोन्ही हातांत फोन होते. उजव्या कानाला बोरीचा केंद्रचालक वाल्मीक, डाव्या कानाला तिचे चुलते व्यंकटराव. वाल्मीक सांगत होता की काट्यावर वजन दिसतंय, फॅट मशीनचा आकडा दिसतोय, पण स्क्रीनवर नुसती चकरी फिरतेय आणि बायका कॅन घेऊन उभ्या आहेत. व्यंकटराव सांगत होते की बामणीलाही तेच झालंय, आणि तू अजून काय करायलीस.

"बंद करून चालू करायलेय," तिनं दोघांनाही एकदमच सांगितलं आणि दोन्ही फोन दुधाच्या रिकाम्या क्रेटवर उपडे ठेवले.

सर्व्हर उठेपर्यंत ती भिंतीला टेकून उभी राहिली. दिवे हिरवे झाले. फोन एकेक करून गप्प झाले. ही शांतता एक चहा होईपर्यंतची, हे तिला ठाऊक होतं. सकाळची गर्दी ओसरायच्या आत पुन्हा कुठली तरी चकरी फिरायला लागणार होती. दिवाळीपासून रोज हेच चाललं होतं. थंडी पडली, म्हशी व्यायल्या, दूध वाढलं, आणि दुधाबरोबर ही कटकटही वाढली.

व्यंकटरावांची डेअरी जिंतूरच्या बाहेर, येलदरीच्या रस्त्याला होती. तालुक्यात गावोगावी तिची संकलन केंद्रं. केंद्रावर दूध मोजलं की त्याचा एक छोटा निरोप तयार व्हायचा: कुणाचं दूध, किती लिटर, फॅट किती. तो जिंतूरच्या सर्व्हरवर येऊन एका रांगेत उभा राहायचा आणि तिथून पुढं हिशेबात आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर जायचा. निरोपाला रांगेपर्यंत यायचं तर कनेक्शन हवं. दर वेळी नवं जोडत बसायला वेळ जातो, म्हणून मधल्या सॉफ्टवेअरनं काही कनेक्शनं आधीच जोडून एका जागी राखून ठेवलेली असतात. ज्याला लागेल त्यानं घ्यावं, निरोप पोचवावा आणि परत आणून ठेवावं. या साठ्याला पूल म्हणतात. गोष्ट एवढीच होती, आणि दुखणंही एवढंच होतं की परत कुणी ठेवत नव्हतं.

ही सोय खुद्द नानांनीच करून घेतली होती. शिवकन्या व्यंकटरावांना नाना म्हणायची. सगळी डेअरीच म्हणायची. सॉफ्टवेअर बसवायला आलेल्या माणसाला त्यांनी समोर बसवून बजावलं होतं, की प्रत्येक केंद्राची लाइन, म्हणजे त्याचं कनेक्शन, त्याच्या हक्काची असली पाहिजे. केंद्र उघडलं की लाइन त्याची, दूध संपून कुलूप लागेपर्यंत त्याचीच. माझ्या दारात कुणाला ताटकळावं लागता कामा नये. तेव्हा केंद्रं मोजकी होती, निभावून गेलं. आता केंद्रं वाढली. जो आधी उठेल तो लाइन धरून बसायचा. उशिरा उघडणाऱ्याच्या वाट्याला चकरी. एखाद्या गावात वीज गेली तर तिथली लाइन तशीच त्याच्या नावावर अडकून राहायची, ना त्याच्या कामाची ना दुसऱ्याच्या.

शिवकन्यानं हे नानांना नाना प्रकारे सांगून पाहिलं होतं. भाड्याच्या सायकलींचं दुकान सांगून झालं. एकानं सायकल नेली आणि दिवसभर घरासमोर उभी करून ठेवली, तर दुसऱ्यानं काय करायचं? नाना म्हणाले होते, अजून सायकली घ्यायच्या.

चहा यायच्या आत फोन वाजला. चारठाण्याची पंचफुला होती. गेल्याच महिन्यात तिनं केंद्र सुरू केलं होतं आणि उघडायला तिला नेहमी थोडा उशीर व्हायचा, कारण आधी ती घरच्या म्हशी पिळायची.

"ताई, पुन्हा अडकलंय," ती दबक्या आवाजात म्हणाली. "अन् समोर त्या दुसऱ्या डेअरीची गाडी येऊन थांबलीय. इंजिन बी बंद केलेलं न्हाई त्यानं. बायका एकदा माझ्याकडं बघायल्यात, एकदा गाडीकडं."

"वहीत लिहून घे आणि दूध ओतून घे."

"लिहून घेतलेलं बायांना पटत न्हाई आता. मोबाइल वाजला तरच पटतंय."

शिवकन्यानं पुन्हा सर्व्हर बंद करून चालू केला. चारठाण्याची चकरी थांबली आणि वस्सा गावाची सुरू झाली.

नऊच्या सुमारास नाना स्वतःच खोलीत आले. पाठोपाठ भागीदार बन्सीधर. बन्सीधरांचे टँकर डेअरीचं दूध वाहायचे, आणि टँकर सोडून बाकी प्रत्येक गोष्टीत त्यांचं मत असायचं. नानांनी मोबाइल टेबलावर ठेवला. स्पीकरवर पुण्याचा सॉफ्टवेअरवाला होता. त्यानं शिवकन्याचं म्हणणं अर्धवट ऐकलं आणि दर वेळी सांगायचा तेच सांगितलं. पूल वाढवा.

बन्सीधरांनी नानांना हळूच विचारलं, कुठला पूल वाढवायचा म्हणतोय, येलदरीचा का? नाना म्हणाले, तिला माहीत हाय कुठला.

शिवकन्यानं समजावून सांगितलं की आकडा आधीच दोनदा वाढवून झालाय. प्रत्येक कनेक्शन सर्व्हरची थोडी जागा खातं. असंच वाढवत गेलो तर रांग सांभाळणारं सॉफ्टवेअरच हात वर करेल. पुण्याचा माणूस गोड आवाजात म्हणाला की मॅडम, एवढ्यानं काही होत नाही. नानांनी तिच्याकडं पाहिलं. तिनं खुर्ची ओढली आणि तो सांगेल तो आकडा टाकला. टाकताना कीबोर्ड जरा जोरातच वाजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकाही केंद्राची चकरी फिरली नाही, कारण एकाही केंद्राची स्क्रीनच उघडली नाही.

शिवकन्यानं आकडा पुन्हा खाली आणला तेव्हा कुठं स्क्रीन उघडल्या. त्या दिवशी दुपारी बन्सीधरांनी निदान केलं. सर्व्हरची खोली नैऋत्येला आहे. वाहत्या वस्तूचं यंत्र ईशान्येला पाहिजे. दूध वाहतं, निरोपही वाहतात. ईशान्येला तुपाचे डबे ठेवायची खोली होती. शिवकन्यानं नानांकडं पाहिलं, या आशेनं की ते हसतील. नाना हसले नाहीत. ते इतके टेकीला आले होते, की कुणी सर्व्हर झाडाला टांगायला सांगितला असता तरी त्यांनी दोरी शोधली असती. डबे बाहेर निघाले, सर्व्हर आत गेला. शिवकन्या तुपाच्या वासात गुडघ्यांवर बसून वायरी जोडत राहिली, आणि बन्सीधर दारात उभे राहून नानांच्या बायकोशी, कडूबाई काकूंशी, बोलत राहिले. आवाज मुद्दामच तिला ऐकू जाईल एवढा होता. बन्सीधरांच्या पुतण्याचं मोबाइलचं दुकान आता चांगलं चालतंय. पोरगा निर्व्यसनी आहे. आणि कॉम्प्युटरवाली घरातच राहिली की डेअरीची कायमची फिकीर मिटली. काकू नुसत्या हुं म्हणत होत्या. हे त्या तिसऱ्यांदा ऐकत होत्या.

शिवकन्यानं वायरीचं टोक दातांत घट्ट धरलं.

नांदेडला इंजिनिअरिंग झाल्यावर ती परत आली होती ती फक्त चार महिन्यांसाठी. नानांनीच तसं सांगितलं होतं, नवं सॉफ्टवेअर रुळेपर्यंत. आठवीपासून ती त्यांच्या घरी राहून शिकलेली. आईवडील येलदरीजवळच्या गावी शेतात. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. चार महिन्यांची दोन वर्षं झाली. हैदराबादच्या कंपनीनं तिची निवड केली त्यालाही बरेच दिवस झाले होते. रुजू व्हायची तारीख तिनं एकदा पुढं ढकलून घेतली होती. आता ढकलता येणार नव्हती. ऋतिका, तिची कॉलेजची मैत्रीण, तिथं खोली धरून बसली होती आणि रोज विचारत होती, सांगितलंस का घरी? शिवकन्या गच्चीवर जाऊन तिला दर वेळी नवं कारण सांगायची. दिवाळी होऊ दे. दूध उतरू दे. हे सर्व्हरचं एकदा निस्तरू दे. नाना कुणाला सोडत नाहीत. म्हातारा हिशेबनीस घरी बसायचं म्हणतो त्याला पाच वर्षं झाली, अजून रोज येतो.

ईशान्येला गेल्यावर सर्व्हरनं दोन दिवस मान राखला. तिसऱ्या दिवशी चारठाण्याच्या बायकांनी पंचफुलाच्या दारातून कॅन उचलले आणि समोरच्या गाडीत रिकामे केले. सगळ्यांनी नाही, पण पाच-सहा घरांनी. पंचफुला फोनवर रडली नाही. केंद्र ठेवायचं का बंद करायचं, तेवढं तिनं विचारलं.

नाना त्या दिवशी डेअरीच्या ओट्यावर बसून राहिले. समोर चहा निवून त्यावर साय धरली होती. शिवकन्या त्यांच्या शेजारी जाऊन बसली. आज सायकली सांगायच्या नाहीत असं तिनं ठरवलं होतं.

"नाना, मला लाइन परत घेऊ द्या. निरोप गेला की लाइन मोकळी. दुसऱ्याला मिळंल."

"अन् पहिल्याला पुन्हा लागली तर?"

"पुन्हा मिळंल."

"न्हाई मिळाली तर?"

"तर निरोप जरा थांबंल. त्याच्यासाठीच तर रांग हाय. तो हरवत न्हाई, नाना. नुसता थांबतो."

"थांबतो," नाना म्हणाले. तो शब्द त्यांना तोंडात खडा आल्यासारखा लागला होता. "मी केंद्रवाल्यांना जबान दिलेली हाय. लाइन तुमच्या हक्काची. दिलेली वस्तू काढून घ्यायची सवय न्हाई मला."

"तुमी जबान दिली म्हणून चारठाणा बंद पडायलंय."

हे तिच्या तोंडून जरा मोठ्यानं निघालं. कॅन धुणारा माणूस थांबून बघायला लागला. नानांनी चहावरची साय बोटानं बाजूला केली, थंड चहा एका घोटात संपवला आणि उठून आत गेले.

पुढच्याच दुपारी नाना, काकू आणि बन्सीधर एका लग्नाला सेलूला गेले. गाडी फाटकातून बाहेर पडली तसं शिवकन्यानं तुपाच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं.

काम फार नव्हतं. दोन वर्षं मनात घोळवून घोळवून गुळगुळीत झालेलं होतं. निरोप पोचला की कनेक्शन ताबडतोब परत. केंद्र उघडं असो वा बंद. कुणी घेऊन नुसतंच बसलं, तर ठरावीक वेळानं सॉफ्टवेअरनं ते काढून घ्यायचं. कुणाला द्यायच्या आधी ते जिवंत आहे की नाही हे तपासायचं, म्हणजे वीज गेलेल्या गावाची मेलेली लाइन दुसऱ्याच्या गळ्यात पडणार नाही. सगळ्यात शेवटी तिनं पूलचा आकडा काढला. होता तो आकडा खोडला आणि सुरुवातीला होता त्याच्याही निम्मा टाकला. इथं मात्र ती थांबली. इतकी केंद्रं आणि एवढीशीच कनेक्शनं. कागदावर बरोबर होतं. उद्या सकाळी चुकलं तर चारठाणाच काय, सगळा तालुका समोरच्या गाडीत ओतून मोकळा होणार होता, आणि ते नानांच्या शब्दाविरुद्ध जाऊन तिनं केलेलं असणार होतं. तिनं ओढणीला तळहात पुसले आणि बटण दाबलं.

संध्याकाळचं दूध थोडं असतं. त्यावरून काही कळत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंधार सरायच्या आधीच डेअरीत येऊन बसली. दोन्ही फोन समोर ठेवले. बोरी उघडलं, बामणी उघडलं, वस्सा उघडलं. स्क्रीनवर निरोप येत होते; मध्येच दहा-बारा साठायचे, जरा थांबायचे, आणि पुढं सरकायचे. चारठाणा सगळ्यात शेवटी उघडलं. पहिला निरोप आला. दुसरा आला.

फोन वाजला नाही.

सात वाजून गेले तेव्हा नाना आले. आपला मोबाइल त्यांनी दोनदा खिशातून काढून पाहिला, मग तिच्याकडं येऊन विचारलं की फोन बंद पडलेत का. ती म्हणाली, न्हाई, चालू हायत. ते बाहेर गेले, फाटकापर्यंत चालून परत आले. शेवटी राहवेना म्हणून त्यांनीच वाल्मीकला फोन लावला आणि दटावून विचारलं, सगळं ठीक हाय का. ठीक आहे म्हटल्यावर त्यांना आणखीच काळजी वाटली.

दुसरा दिवस तसाच गेला. तिसराही. शिवकन्या रोज मनाशी ठरवायची की आज सांगू, आणि रोज वाटायचं, अजून एक दिवस जाऊ दे, पक्कं होऊ दे. नाना काही विचारत नव्हते. एकदा ते तुपाच्या खोलीच्या दारात बराच वेळ उभे राहून हिरव्या दिव्यांकडं बघत होते. तिला पाहून सरकले.

आठवड्याच्या अखेरीला केंद्रचालकांची बैठक होती. सकाळचं दूध घालून सगळे जिंतूरला आले. पंचफुला आली, वाल्मीक आला. डेअरीच्या शेडमध्ये सतरंज्या घातल्या, पोहे झाले. बन्सीधर पुतण्याला घेऊन आले होते, आणि तो पहिल्या रांगेत इस्त्रीच्या शर्टात बसला होता. शिवकन्या मागं खांबाजवळ उभी होती. आज नाना विचारतीलच, आणि विचारलं की सगळ्यांसमोर सांगून टाकायचं, अशी तिनं मनाची तयारी केली होती. खरं तर, थोडं कौतुक होईल असंही तिला वाटत होतं.

नाना उभे राहिले. ते म्हणाले की तुम्हाला लय तकलीफ झाली, माफी असावी. पण आता इलाज सापडलाय. पुण्याच्या माणसानं पक्कं करून दिलंय. पहिल्यासारखी एकेकाला लाइन राहिलेली नाही. सगळ्यांची मिळून आहे, काम झालं की सोडायची. कधी क्षणभर थांबावं लागेल, त्याला कुणी घाबरू नये. आणि आता ते सगळं आपोआप चालतं.

"आता त्याला माणूस लागत न्हाई," नाना म्हणाले. "शिवकन्या हाय का न्हाई, काही फरक पडत न्हाई. कुणी तिला फोन करायचा न्हाई इथून पुढं."

शेडमध्ये कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवल्या. पंचफुलानं मागं वळून शिवकन्याकडं पाहिलं. बन्सीधर दाढी खाजवत होते. थोड्या वेळानं पुतण्या उठून दुकानाकडं निघून गेला. शिवकन्यानं पोह्यांच्या रिकाम्या ताटल्या गोळा केल्या, नळाखाली नेऊन ठेवल्या आणि तिथंच नळ सोडून उभी राहिली. पाणी ताटल्यांवरून उडून सलवारीवर येत होतं. माणूस लागत न्हाई. गुडघ्यांवर बसून ओढलेल्या वायरी, दोन कानांचे दोन फोन, दोन वर्षं. पुण्याचा माणूस.

दुपारी केंद्रचालक आपापल्या एसटीनं गेले. संध्याकाळच्या दुधाची वेळ झाली तेव्हा ती सरळ नानांच्या खोलीत शिरली.

नाना एकटेच होते. तिनं दार लोटलं.

"पुण्याच्या माणसानं काही केलेलं न्हाई," ती म्हणाली. "मी केलंय. तुमी लग्नाला गेलता तवा. तुमच्या शब्दाच्या बाहेर जाऊन केलंय. राग यायचा तर येऊ द्या, पण ते मी केलंय."

"माहीत हाय," नाना म्हणाले.

ती थांबली.

"त्याला फोन केलता मी, शाबासकी द्यावी म्हणून. तो म्हणला, सर, मी तर हात बी लावला न्हाई." नानांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पहिल्या दिवशीच केलता."

"मग तिथं सगळ्यांपुढं..."

"सगळ्यांपुढं काय म्हणायचं होतं? हिनं केलं, हिच्याबिगर ह्यातलं कुणाला काही कळत न्हाई? बन्सीधरनं सोडलं असतं का तुला? अन् ती पंचफुला? एवढे सगळे धरून बसले असते तुला."

"कुठं जायलेय मी, धरून बसायला?"

नानांनी चष्म्याची एक काडी मिटली, पुन्हा उघडली.

"परभणीहून गाडी रातची हाय का सकाळची?"

शिवकन्या समोरच्या खुर्चीवर बसली.

"गच्चीवर जाऊन हिंदीत बोललं म्हंजे खाली कळत न्हाई, असं वाटतंय का तुला?" नाना म्हणाले. "मी हैदराबादेत तूप विकलंय चार वर्षं. काकूला बी कळतंय. ती तर माझ्या आधीपासून ऐकायलीय."

"रातची," ती म्हणाली. "रातची हाय, नाना."

"मी येतो स्टेशनपर्यंत. सामान लय घेऊ नको. तिथं सगळं मिळतंय."

तिला काहीतरी म्हणायचं होतं. पण इतके दिवस या माणसावरच्या वैतागाचीच तिला सवय झालेली. दुसरं काही पटकन सापडेना. बाहेर पहिल्या गाडीतून कॅन उतरायला लागले होते.

टेबलावर नानांचा फोन वाजला. पडद्यावर चारठाणा. शिवकन्याचा हात सवयीनं पुढं गेला, तोवर नानांनी फोन उचलून कानाला लावला होता. पंचफुलाचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. स्क्रीनवर काहीतरी लाल आलंय, ताईला द्या, म्हणत होती.

"ती न्हाई इथं," नाना म्हणाले. ते शिवकन्याकडंच बघत होते. "काय आलंय ते मला सांग. हळू सांग."